एक ओळ म्हणजे काय? सत्तरीतल्या एका दूध संस्थेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका दूध उत्पादक सहकारी संस्थेचे आहे. संस्थेचे नाव देत नाही. माणसे हुद्द्यांवरून ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. घटनांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे. माझा या संस्थेशी संबंध दुहेरी आहे. डेटाबेस सांभाळणे हा माझा व्यवसाय, आणि माझ्या आईने कित्येक वर्षे याच संस्थेत दूध घातले. पहाटे पाचला किटली घेऊन निघालेली आई मला अजून डोळ्यांसमोर दिसते. त्यामुळे सचिवांनी बोलावले तेव्हा मी पैशांचा विषय न काढता गेलो.

संस्थेचे सुमारे २०० सभासद आणि चार संकलन केंद्रे. दूध सकाळी आणि संध्याकाळी घेतले जाते. केंद्रावर वजनकाटा आणि फॅट तपासणारे यंत्र संगणकाला जोडलेले असते. सभासदाचा कोड टाकला की लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून इतर घन घटक), दर आणि रक्कम नोंदली जाते आणि पावती निघते. दर दहा दिवसांनी बिल होते. त्यातून पशुखाद्य, उचल, औषधे यांच्या कपाती वजा होतात आणि उरलेली रक्कम सभासदाच्या बँक खात्यात जाते. हे सगळे एका खासगी विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरवर चालते. रोजचे काम ते बिनतक्रार करते.

संस्थेचा हिशेब एक ताई सांभाळतात. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे इंग्रजी माध्यम, मग बी.कॉम. आपल्याकडच्या कितीतरी मुलींचे शिक्षण असेच झालेले असते. कोणाची गाय गाभण आहे, कोणाची भाकड झाली, कोणाचा मुलगा नोकरीला पणजीला गेला, हे ताईंना तोंडपाठ असते. या प्रकरणात ही गोष्ट फार मोलाची ठरली.

नेमकी अडचण

संस्थेकडे आठ वर्षांच्या नोंदी होत्या, पण त्यांना प्रश्न विचारता येत नव्हता. सॉफ्टवेअरमधून ठरलेले दहा-बारा अहवाल निघत. ‘गेल्या तीन बिलांत कोणाचे दूध सलग कमी झाले?’ हा प्रश्न त्यांत नव्हता. संचालक मंडळाला तर तोच हवा होता, कारण सभासद न सांगता दूध थांबवत होते आणि ते कळेपर्यंत गोठा रिकामा झालेला असे. सरकारच्या कामधेनू योजनेतून जनावर घेतलेला सभासद मध्येच थांबला, तर त्याच्या दारात वेळेवर जायला हवे, असे सचिवांना मनापासून वाटत होते.

पूर्वी एक तरुण कारकून एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, जाणत होता. कोणी काही विचारले की तो दोन ओळी लिहून उत्तर काढून द्यायचा. तो नोकरी सोडून गेला तेव्हा त्या ओळी एका वहीत लिहून ठेवून गेला. वहीतले एक अक्षर इकडचे तिकडे झाले की चूक यायची. ताईंनी महिनाभर प्रयत्न केला आणि वही कपाटात ठेवली. सचिव मला म्हणाले, “हें आमकां जमचें ना.” त्या वाक्यात हार होती आणि ती मला बोचली. प्रश्न काय आहे हे त्यांना ठाऊक होते, उत्तर त्यांच्याच संगणकात पडून होते, आणि मध्ये फक्त लिहायची रीत आडवी आली होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे विक्रेत्याकडून प्रत्येक नवा अहवाल बनवून घेणे. त्यासाठी दर वेळी पैसे आणि वाट पाहणे आले. त्याहून मोठी अडचण अशी की एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की दुसरा प्रश्न लगेच सुचतो. ‘दूध कमी झाले’ असे दिसले की ‘सकाळचे की संध्याकाळचे?’ हे त्याच क्षणी विचारता यायला हवे. ते पंधरा दिवसांनी विचारून उपयोग नसतो.

दुसरा पर्याय एक्सेल. ताईंना पिव्हट टेबल, म्हणजे ओळींची गटवार बेरीज करून देणारा तक्ता, थोडे येत होते आणि मी ते हलके मानत नाही. १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये आलेल्या पिव्हट टेबलने कोड न लिहिणाऱ्या जितक्या माणसांच्या हाती आकडे दिले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने दिले असतील. पण २०० सभासद, दिवसाला दोन वेळा, वर्षाचे ३६५ दिवस असे धरले तर वर्षाला १,४६,००० ओळी होतात. आठ वर्षांच्या ११ लाखांवर जातात, आणि एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. शिवाय प्रत्येकाच्या पेनड्राइव्हवर वेगळी फाइल होती. एकाच महिन्याचे दूध तीन फाइलींत तीन प्रकारचे निघाल्याचे मी स्वतः पाहिले.

तिसरा पर्याय ताईंना एसक्यूएलच शिकवण्याचा. इथे एक इतिहास सांगण्यासारखा आहे. एसक्यूएलचे मूळ रूप ‘सीक्वेल’ हे आयबीएममधल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडले. व्यवसायाने प्रोग्रामर नसलेल्या माणसाला साध्या शब्दांत माहिती विचारता यावी हा त्यांचा हेतू होता. त्याच कंपनीत मोशे झ्लूफ यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात दुसरी वाट शोधली. वाक्य लिहायचे नाही, पडद्यावर रिकामा तक्ता दिसेल, हव्या त्या रकान्यात नमुना भरायचा. १९९२ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसमध्ये प्रश्न रचायची जी जाळी होती ती याच वळणाची. गंमत म्हणजे सचिवांनी तरुणपणी फोंड्याला संगणकाचा कोर्स केला होता आणि ती जाळी त्यांना आठवत होती. “तक्ते वर ठेवायचे, रेघ ओढायची, खाली अट लिहायची,” असे त्यांनी हाताने हवेत काढून दाखवले. मी त्याच क्षणी ठरवले की आपण चित्ररूप साधनाच्याच वाटेने जायचे. दहा दिवसांच्या बिलाच्या धावपळीत ताईंना नवी भाषा शिकवणे म्हणजे त्यांच्यावर आणखी एक ओझे टाकणे होते.

मग साधन कोणते? पॉवर बीआयची डेस्कटॉप आवृत्ती फुकट मिळते, पण अहवाल इतरांना नीट वाटून द्यायचे तर सहसा माणशी शुल्क पडते. अपाचे सुपरसेट मुक्त आहे आणि ताकदीचे आहे, पण ते उभे करून सांभाळायला माझ्यासारखा माणूस सतत लागला असता. आम्ही मेटाबेस निवडले. त्याची मुक्तस्रोत आवृत्ती २०१५ पासून उपलब्ध आहे, ते ब्राउझरमध्ये चालते, आणि त्यात प्रश्न पायरीपायरीने रचता येतो: आधी तक्ता निवडा, मग गाळणी लावा, मग बेरीज किंवा सरासरी कशाची आणि कशागणिक ते सांगा. प्रत्येक पायरीवर उत्तर कसे दिसते ते तिथल्या तिथे पाहता येते. मला निर्णायक वाटली ती हीच सोय. चूक झाली तर ती कोणत्या पायरीवर झाली ते माणसाला डोळ्यांनी दिसते.

पहिले निर्णय

विक्रेत्याच्या चालू डेटाबेसला हात लावायचा नाही हे मी आधीच सांगितले. पहाटे पाच वाजता रांग लागलेली असताना कोणाच्या प्रश्नामुळे संगणक अडकला, तर दूध नासते आणि माणसे परत जातात. म्हणून रोज रात्री नोंदींची प्रत वेगळ्या सर्व्हरवरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये उतरवायची आणि प्रश्न तिथेच विचारायचे असे ठरले. उत्तर एक दिवस जुने मिळणार होते. ताई म्हणाल्या, “चालेल, आमच्या गाई एका रात्रीत भाकड होत नाहीत.”

दुसरा निर्णय बँक खाती आणि मोबाइल क्रमांकांचा. मेटाबेसमध्ये रकाना लपवता येतो, पण लपवणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. ज्याला थेट एसक्यूएल लिहायची मुभा आहे तो लपवलेला रकानाही वाचू शकतो. म्हणून ते रकाने प्रतीत आणलेच नाहीत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झालेला आहेच. पण कायदा नसता तरी सभासदाचा खाते क्रमांक संचालकाच्या मोबाइलवर दिसायचे काहीच कारण नव्हते.

तिसरा निर्णय मी सहज घेतला, आणि आज विचाराल तर सगळ्यांत उपयोगाचा तोच ठरला. विक्रेत्याच्या डेटाबेसमध्ये तक्त्यांची आणि रकान्यांची नावे त्रोटक इंग्रजी अक्षरांत होती. मी ताईंशेजारी दोन दुपारी बसलो आणि एकेका रकान्याला मराठी नाव दिले: लिटर, फॅट, पाळी (सकाळ की संध्याकाळ), केंद्र, बिल क्रमांक, जनावराचा प्रकार. एका रकान्यात आकडे होते पण ते कशाचे ते मला उमजेना. मी ते दुसरे वजन असावे असे धरून चाललो होतो. ताईंनी तीन ओळी पाहिल्या आणि म्हणाल्या, “हे परत केलेलं दूध. फाटलेलं. त्या दिवशी लाइट गेली होती.” मी तो रकाना बेरजेत धरला असता तर प्रत्येक पावसाळ्यात संस्थेचे दूध फुगलेले दिसले असते.

त्याच बैठकीत फॅटच्या रकान्यातली शून्येही सापडली. यंत्र बंद असले की एका केंद्रावर रकाना रिकामा ठेवत, दुसऱ्या केंद्रावर ० टाकत. रिकामी जागा सरासरीत मोजली जात नाही, ० मोजले जाते. शून्य फॅटचे दूध जगात नसते, म्हणून प्रत उतरवतानाच आम्ही ती शून्ये रिकामी केली.

पहाटेचे दूध आदल्या दिवशी

पहिल्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. एका केंद्रावर काही सभासदांचे एका दिवशी तीन वेळा दूध दिसत होते आणि दुसऱ्या दिवशी एकदाच. मी आधी नोंदी दोनदा उतरल्या असतील असे समजून शोधत बसलो. तसे काही नव्हते. सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालत होता आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजतात तेव्हा तिकडे मध्यरात्र होते. पाच वाजून दहा मिनिटांनी दूध घालणाऱ्याची नोंद तिथल्या हिशेबाने आदल्या दिवसात जात होती. सहाला येणाऱ्यांची नोंद बरोबर, पाचला येणाऱ्यांची चूक. ज्या केंद्रावर माणसे सर्वांत लवकर उठतात त्याच केंद्राचा हिशेब बिघडत होता.

अहवालाची वेळ भारतीय करून हे सुटले. पुढे आम्ही वेळेवरून तारीख काढणेच बंद केले आणि सॉफ्टवेअरने स्वतः नोंदलेला दिनांक आणि पाळी हेच रकाने वापरायचे ठरवले. केंद्रावरच्या माणसाच्या मनातला दिवस तोच असतो.

नकाशाचा नाद

संचालक मंडळातल्या एका तरुणाला गावांचा नकाशा हवा होता. मलाही तो हवासा वाटला, हे प्रामाणिकपणे सांगतो. आम्ही गावांची नावे एका नकाशा सेवेला दिली. ठाणे हे आपल्या सत्तरीतले गाव मुंबईशेजारी जाऊन बसले. केरी पेडण्याच्या समुद्रकिनाऱ्यावर दिसू लागले. सत्तरीत केरी आहे, फोंडा तालुक्यात केरी आहे आणि पेडण्यातही आहे, हे त्या सेवेला कोण सांगणार? शिवाय नोंदींत साखळी हे नाव सांखळी आणि पोर्तुगीज वळणाचे सांकेलिम असे तीन प्रकारे पडले होते.

नावे एकसारखी करायला ओपनरिफाइन वापरले. एकसारखी दिसणारी नावे गोळा करून ते गट सुचवते. स्वल्पविराम, मोकळ्या जागा, शब्दांचा उलटसुलट क्रम असले फरक ते झटकन पकडते, पण साखळी आणि सांकेलिम एकच हे त्याच्या साध्या पद्धतीला कळत नाही. ते हातानेच जुळवावे लागले. सभासदांच्या नावांवर हेच साधन चालवावे असे एकाने सुचवले तेव्हा ताईंनी ठामपणे नकार दिला. एकाच वाड्यावर एकाच नावाचे दोन गावकर असतात, कधी चुलतभाऊ, कधी आजोबा आणि नातू. गावे नावाने जुळवा, माणसे मात्र कोडनेच, असे त्या म्हणाल्या आणि तेच झाले. नकाशावर दोन आठवडे गेले. त्यातून एकही निर्णय निघाला नाही, कारण कोणते गाव कुठे आहे हे मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊकच होते.

सर्वाधिक दूध घालणारे

वार्षिक सभा जवळ आली. सर्वांत जास्त दूध घालणाऱ्या पाच सभासदांचा सत्कार करायची प्रथा आहे. ताई आता स्वतः प्रश्न रचू लागल्या होत्या. सभासदाचे दूध आणि त्याच्या कपाती एकाच पानावर पाहाव्यात म्हणून त्यांनी संकलनाच्या तक्त्याला कपातींचा तक्ता जोडला, सभासद कोड आणि बिल क्रमांक या दोन्हींवर. दिसायला जोडणी अगदी बरोबर होती. मीही पाहिली आणि मान डोलावली. मग त्याच प्रश्नावरून त्यांनी वर्षाच्या लिटरची यादी काढली.

यादी छापखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावले. पहिल्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, “भाऊ, ह्याच्या गोठ्यात दोनच गाई आहेत. एवढं दूध ह्याने आणलं कुठून?”

कुठून ते सांगतो. एका बिलात सभासदाच्या संकलनाच्या २० ओळी असतात, दहा दिवस आणि दोन वेळा. प्रत्येकी ५ लिटर धरले तर १०० लिटर झाले. त्याच बिलात त्याच्या कपातीच्या समजा ३ ओळी आहेत: पशुखाद्य १,२०० रुपये, उचल ५०० आणि औषधे ३००, एकूण २,०००. हे दोन तक्ते जोडले की दुधाची प्रत्येक ओळ कपातीच्या प्रत्येक ओळीशी जुळते. २० च्या ६० ओळी होतात. आता लिटरची बेरीज केली तर ३०० येते, आणि कपातीची केली तर ४०,०००. ताईंनी त्या यादीत कपातीची बेरीज घेतली नव्हती, म्हणून ४०,००० चा धक्का कोणाला बसला नाही. दिसत होते ते फक्त फुगलेले दूध. ज्याला एकही कपात नाही त्याचे दूध खरे तेवढेच राहिले, आणि ज्याच्या कपाती जास्त तो यादीत वर चढला. सत्काराची यादी म्हणून आम्ही छापायला निघालो होतो ती खरे तर जास्तीत जास्त कपाती असलेल्यांची यादी होती.

साधनाने काहीही चुकीचे केले नव्हते. सांगितले ते त्याने केले. कोड लिहिणारेही इथेच फसतात. मी स्वतः कारकिर्दीच्या सुरुवातीला फसलो आहे. पण कोड लिहिताना जोडणीच्या ओळीपाशी हात जरा थबकतो. चित्रात दोन चौकटी जोडणे इतके सोपे असते की थबकायचे राहूनच जाते.

त्या संध्याकाळी आम्ही पाटीवर एक प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहिला: एक ओळ म्हणजे काय? संकलनाच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एका सभासदाने एका पाळीला घातलेले दूध. कपातीच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे एक कपात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या थेट जोडता येत नाहीत. आधी दोन्हींची सभासद आणि बिलागणिक बेरीज करायची, म्हणजे दोन्हीकडे एक ओळ म्हणजे एका सभासदाचे एक बिल होते, आणि मग जोडायचे. हे दोन तयार तक्ते आम्ही ‘बिलवार दूध’ आणि ‘बिलवार कपात’ या नावांनी साठवून ठेवले, आणि मूळ तक्ते ताई व माझ्याखेरीज कोणाला दिसणार नाहीत असे केले. पाटीवरचा तो प्रश्न अजून पुसलेला नाही.

फॅटचा आलेख

या प्रकरणातला सर्वांत जड भाग हा आहे आणि तो लिहिताना मला संकोच वाटतो, कारण दोष माझा होता.

पावसाळ्यात संचालक मंडळाच्या बैठकीत मी चारही केंद्रांच्या सरासरी फॅटचा रेषांचा आलेख पडद्यावर लावला. तीन रेषा सरळ चालल्या होत्या. चौथी जूननंतर खाली उतरत गेली होती. उभा अक्ष साधनाने आपोआप ३.६ पासून सुरू केला होता, त्यामुळे ०.२ चा फरक कड्यावरून कोसळल्यासारखा दिसला. खोलीत शांतता पसरली. मग कोणीतरी म्हणाले, “दुधात पाणी पडतंय.” त्या केंद्रावर दूध घेणारा मदतनीस दाराशीच उभा होता. वीस वर्षे काम करणारा माणूस. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही.

कारण ताईंनी शोधले, आणि त्याला त्यांना दहा मिनिटे पुरली. त्यांनी तोच प्रश्न उघडला आणि ‘पाळी’ हा रकाना गटात घातला. त्या केंद्राची सकाळची रेषा सपाट होती. संध्याकाळची रेषा जूनमध्ये संपलीच होती. पावसात रस्ता खराब झाल्याने संध्याकाळची गाडी त्या गावात जाणे थांबले होते आणि तिथून फक्त सकाळचे दूध येत होते. गोठ्यात काम केलेल्या कोणालाही माहीत असते की रात्रीचे अंतर मोठे असल्याने सकाळी दूध जास्त निघते पण पातळ असते, आणि संध्याकाळचे थोडे पण दाट. संध्याकाळ वगळली की सरासरी खाली येणारच. पाणी कोणी घातले नव्हते. माझ्या आईला विचारले असते तरी तिने सांगितले असते.

त्यात दुसरी चूकही दडली होती. मी साधी सरासरी घेतली होती. एखाद्याने गाईचे ४ लिटर ३.५ फॅटचे आणि म्हशीचे १ लिटर ७ फॅटचे घातले, तर साधी सरासरी ५.२५ येते. पण टाकीत एकत्र केलेल्या ५ लिटर दुधाचे फॅट असते ४.२, कारण लिटरचा भार धरावा लागतो. मेटाबेसमध्ये ‘सरासरी’ हा पर्याय निवडला की साधी सरासरी मिळते. भारित हवी असेल तर फॅट गुणिले लिटर यांची बेरीज भागिले लिटरची बेरीज, असे सूत्र स्वतः लिहावे लागते. ते आम्ही एकदा लिहून ‘खरे फॅट’ या नावाने साठवले. आता बाकीचे सगळे तेच निवडतात.

अध्यक्ष आणि मी मदतनिसाच्या घरी गेलो. अध्यक्षांनी हात जोडले, मीही जोडले. गणेश चवथीनंतर तो कामावर परत आला. पुढच्या बैठकीत तोच आलेख दोन पाळ्या वेगळ्या करून पुन्हा लावायचा आग्रह ताईंनी धरला. ज्या खोलीत संशय घेतला गेला त्याच खोलीत तो फिटला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्या दिवसापासून एक नियम झाला. एखाद्या केंद्राचा किंवा माणसाचा आकडा बिघडलेला दिसला, तर तो आधी त्या केंद्रावरच्या माणसाला दाखवायचा, बैठकीत नंतर.

आज काय चालू आहे

मी मोठ्या हौसेने बनवलेला अध्यक्षांचा डॅशबोर्ड, नऊ चौकटींचा, आता क्वचितच उघडला जातो. चालतो तो एकच प्रश्न: कोणाचे दूध सलग तीन बिले कमी झाले? दर बिलाच्या दिवशी ताई तो चालवतात, यादी कागदावर छापतात आणि सचिव त्या घरांना फोन करतात. बहुतेक वेळा जनावर भाकड झालेले असते आणि काळजीचे काही नसते. काही वेळा पशुखाद्य परवडत नाही म्हणून खुराक कमी केलेला असतो. तिथे संस्थेने कपातीचे हप्ते लांबवून दिले. दोन घरांत म्हातारी माणसे एकटी गोठा सांभाळत होती, त्यांचे दूध आता शेजारचा पोरगा केंद्रावर पोचवतो. काही सभासद तरीही थांबले. मुलगा नोकरीला लागला की गोठा मिटतो, आणि त्यावर यादीचे काही चालत नाही.

ताईंनी आजवर बरेच प्रश्न स्वतः रचले आहेत. त्यांतला एकही मला सुचला नसता. कोणत्या सणाच्या आठवड्यात घरी दूध राखले जाते आणि संस्थेत कमी येते, हे त्यांनी शोधून काढले आणि वाहतुकीची गाडी त्याप्रमाणे लहान सांगितली.

वेगळे काय करता आले असते

आलेख बैठकीत लावण्यापूर्वी ताईंना दाखवायला हवा होता. ही खंत सर्वांत मोठी, आणि बाकीच्या तिच्यापुढे लहान.

नकाशा आणि डॅशबोर्ड यांच्यात गेलेले दिवस मी ताईंसोबत प्रश्न रचण्यात घालवायला हवे होते. तयार चित्र देऊन मी त्यांना पाहणारे बनवत होतो. त्यांना विचारणारे व्हायचे होते.

एक तांत्रिक चूकही नोंदवतो, कारण ती कोणाच्याही हातून होईल. मेटाबेस आपले साठवलेले प्रश्न, दिलेली नावे आणि लॉगिन हे सगळे सुरुवातीला स्वतःच्याच एका छोट्या अंतर्गत फाइलीत ठेवते. कायमच्या वापरासाठी दुसरा डेटाबेस जोडा, असे त्याच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. मी ते पुढे ढकलले. सर्व्हर नव्याने उभा करताना ती फाइल गेली आणि तीन आठवड्यांचे प्रश्न गेले. सभासदांच्या नोंदी सुखरूप होत्या, पण ताईंनी दिलेली रकान्यांची मराठी नावे पुन्हा भरावी लागली. त्यांनी ती न कुरकुरता भरली. या वेळी मी वहीतही उतरवून घेतली.

अजून एक धोका उरला आहे. आज हे सगळे एका ताईंवर उभे आहे, जसे पूर्वी त्या कारकुनावर होते. फरक इतकाच की त्यांचे प्रश्न पायऱ्यापायऱ्यांनी उघडून कोणालाही वाचता येतात. केंद्रावरचा तो मदतनीस हल्ली बिलाच्या दिवशी त्यांच्याशेजारी बसून आपल्या केंद्राचे पान स्वतः काढतो. त्या पानावर सकाळ आणि संध्याकाळ असे दोन रकाने आहेत. पावसाळ्यात गाडी बंद असली की संध्याकाळचा रकाना रिकामा असतो, आणि तिथे शून्य न टाकता तो रिकामाच छापायचा, असे त्या दोघांनी मिळून ठरवले आहे.